विश्लेषण : गोलंदाजीचा, क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक... पुढे मुख्य प्रशिक्षक होतो का?

विदर्भाच्या क्रिकेट संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला. या यशात खेळाडूंची नावे घरोघरी पोहोचली, मुख्य प्रशिक्षकाचीही चर्चा झाली. गोलंदाजी, फलंदाजी किंवा क्षेत्ररक्षण अशी एकच बाजू सांभाळणारा प्रशिक्षक मात्र बहुतेक वेळा सांघिक छायाचित्राच्या कडेला उभा असतो. या पेशात पुढे जाण्याची वाट कशी असते आणि नागपूरचा अनुभव काय सांगतो, याचा हा आढावा.

‘स्पेशल टीम्स’ प्रशिक्षक म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचे तीन भाग असतात. एक आक्रमण करणारा, दुसरा बचाव करणारा आणि तिसरा ‘स्पेशल टीम्स’. चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करणे, गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणे, प्रतिस्पर्ध्याने दूरवर मारलेला चेंडू झेलून पुढे धावणे, ही या तिसऱ्या भागाची कामे. सामन्यातील त्यांचा वेळ थोडा, पण अटीतटीच्या लढतीचा निकाल अनेकदा त्यांच्याच पायावर ठरतो. या तुकडीत आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंचे खेळाडू घेतले जातात. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकानंतर जवळपास सगळ्या संघाशी रोज संबंध येणारा माणूस म्हणजे हा प्रशिक्षक.

तिथे ही वाट कुठवर जाते?

जॉन हारबॉ हे ठळक उदाहरण. १९९८ पासून नऊ हंगाम त्यांनी फिलाडेल्फिया ईगल्सच्या स्पेशल टीम्स सांभाळल्या. नंतर एक वर्ष बचावफळीचे काम केले आणि २००८ मध्ये ते बाल्टिमोर रेव्हन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकला, तोही सख्खा भाऊ जिम याच्या संघाला हरवून. न्यू इंग्लंड पेट्रियट्सला सहा सुपर बोल जिंकून देणारे बिल बेलिचिक यांनीही न्यूयॉर्क जायंट्समध्ये स्पेशल टीम्सपासूनच सुरुवात केली होती.

नागपुरात याचे जवळचे उदाहरण कोणते?

सुब्रतो बॅनर्जी. भारताकडून ते एकच कसोटी खेळले, १९९२ मध्ये सिडनीला. तीत त्यांनी तीन बळी घेतले, पण पुन्हा कसोटीची संधी मिळाली नाही. पुढे ते विदर्भाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव हा वयाच्या विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूवरच खेळत होता. त्याचा वेग न घालवता त्याला दिशा देण्याचे काम बॅनर्जींनी केले. २०११ मध्ये उमेश कसोटी खेळला आणि पुढे त्याने १७० कसोटी बळी घेतले. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला रजनीश गुरबानी हाही बॅनर्जींच्याच तालमीतला. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवले, त्यात गुरबानीचे १२ बळी होते. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली. बॅनर्जी जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर गेले.

मग श्रेय कुणाचे?

१९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला पहिले विजेतेपद मिळाले, तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. मुंबईला तीनदा, विदर्भाला दोनदा आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशला एकदा, असे सहा रणजी करंडक त्यांच्या नावावर आहेत. शिस्त, संघनिवड, डावपेच ही त्यांची बाजू. मात्र डावपेच अमलात आणायला लागणारी धार गोलंदाजी प्रशिक्षकाने काही वर्षे आधीच लावलेली असते. पराभव झाला की पहिला प्रश्न मुख्य प्रशिक्षकाला विचारला जातो, हेही तितकेच खरे.

ही शिडी एकाच दिशेने जाते का?

नाही. पारस म्हांब्रे यांनी विदर्भासह अनेक संघांचे प्रशिक्षकपद सांभाळले, नंतर ते १९ वर्षांखालील भारतीय संघाचे आणि पुढे वरिष्ठ संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. २०२४ चा ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघासोबत ते होते. म्हणजे एका बाजूचे काम ही दरवेळी खालची पायरी नसते. त्याच संघाचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप तर प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळलेले नाहीत. फलंदाज असो वा गोलंदाज, अकराही जणांना क्षेत्ररक्षण करावेच लागते. स्पेशल टीम्स प्रशिक्षकाशी सर्वाधिक साम्य असलेली क्रिकेटमधील जागा हीच.

नव्याने येणाऱ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

बीसीसीआयच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमाच्या पायऱ्या आहेत. पहिली साधारणपणे राज्य संघटनेमार्फत, तर वरच्या पायऱ्या बेंगळूरुच्या राष्ट्रीय केंद्रामार्फत पार कराव्या लागतात. प्रमाणपत्रानंतर बहुधा सुरुवात होते ती वयोगटाच्या संघांपासून. करार अनेकदा हंगामापुरते असतात, त्यामुळे एक हंगाम वाईट गेला की पुढच्या वर्षीची खात्री नसते. २०२४-२५ मध्ये जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान घनी. घरच्या माणसालाही ही जागा मिळू शकते, हे त्यातून दिसले. पण तिथे पोहोचेपर्यंतची वर्षे नेट्समध्ये, एकाच गोलंदाजाचा एकच चेंडू शंभर वेळा पाहण्यात जातात. त्या वर्षांची नोंद धावफलकावर होत नाही.