गोणी एका दिवसात का संपवू नये?

डोंगरउतारावर नागली-वरई करणाऱ्या कुटुंबाच्या हाती युरियाची गोणी आली, की लावणीच्या दिवशीच ती टाकून मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक आहे. बाजार लांब, माणसे थोडी, पाऊस दाराशी. पण ४५ किलोच्या त्या गोणीतले सुमारे २०.७ किलो नत्र पिकाला मिळेल की ओढ्याला, हे मुळांची रीत जाणल्याशिवाय कळत नाही. खतासाठी मदत पाठवणाऱ्या आपणा सर्वांनाही ती ठाऊक असावी.

हवेत ७८ टक्के नत्र असले तरी पिकाला ते तसेच घेता येत नाही. मातीत युरियाचे आधी अमोनियम होते, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मुळे मुख्यतः हीच दोन रूपे घेतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट पाण्याबरोबर निघून जाते. (भातखाचरात पाणी उभे असल्याने हवेअभावी नायट्रेट फारसे बनत नाही. भात अमोनियमवरच भागवतो.)

मूळ मात्र नुसते पीत बसत नाही. त्याच्या पेशींच्या आवरणात दारांसारखी प्रथिने असतात. त्यांतले एक नायट्रेट आत घेते आणि बाहेर ते किती आहे याची खबरही देते. इंग्लंडमध्ये माल्कम ड्रू यांनी बार्लीच्या मुळांच्या एकाच पट्ट्याला भरपूर नायट्रेट दिले; उपमुळे नेमकी तिथेच दाट फुटली. हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहान रोपात याहून नवल दाखवले. उपाशी राहिलेले मूळ वर पानांकडे निरोप धाडते, आणि मग जिथे नत्र आहे तिथली मुळे जास्त ओढू लागतात. एका बाजूची भूक दुसरी बाजू भागवते!

उडीद-कुळथाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतले नत्र पिकाला देतात; पण जमिनीत नायट्रेट फार झाले, की या गाठी कमी धरतात. त्यांना युरिया घालणे म्हणजे बहुधा पैसे वाया.

कोवळ्या रोपाची मुळे थोडी, त्यामुळे त्यांची उचलही थोडी. म्हणून नागलीला थोडे खत लावणीनंतर रोप सावरल्यावर द्यावे, बाकीचे बेणणी झाल्यावर फुटवे येताना. मुसळधार पावसाच्या तोंडावर मुळीच नको. उरलेली गोणी घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवावी. दमट हवेत युरियाला पाणी सुटते.