काळ्या पाण्यावर गेलेले पणजोबा

तुमच्या घरी एखादं नाव असं आहे का हो, की जे निघताच मोठी माणसं चटकन विषय बदलतात? माझ्या सासूबाईंच्या माहेरी, मुळशीत, ते नाव त्यांच्या पणजोबांचं. सावकाराच्या घरावर दरोडा घातला, काळ्या पाण्यावर गेले आणि परत आलेच नाहीत, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या कानावर. पणजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावत होती.

दरोडा म्हटल्यावर नाक मुरडण्याआधी तो काळ बघा, बरं का! १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ. मग वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला. जुलैत ते पकडले गेले, पुण्यात खटला चालला आणि त्यांना जन्मठेपेवर एडनला धाडलं. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ ला ते गेले. त्यांचं नाव राहिलं. पण साध्या कुळंब्याचं नाव कोण लिहून ठेवणार?

गंमत म्हणजे, ज्या सरकारनं शिक्षा दिली त्यानंच! आपल्याकडचे कैदी आधी मॉरिशस, सिंगापूरला आणि १८५८ पासून अंदमानात जात. त्यांची नोंद न्यायखात्याच्या दप्तरात होई. सासूबाईंचं जुनं घर कागदपत्रांसकट मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. सरकारी दप्तरं मात्र मुंबईच्या आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात बघायला मिळतात.

तिकडे जाण्याआधी घरीच थोडी तयारी करा. नाव, वडिलांचं नाव, गाव, जात आणि गुन्हा एका वहीत लिहा. साल आठवत नसेल तर "दुष्काळाआधी की नंतर?" असं विचारा. जुने मराठी कागद बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं कुणी सोबत हवं.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवा. अंदमानात चांगल्या वागणुकीच्या कैद्याला काही वर्षांनी जमीन मिळे, लग्नही करता येई. म्हणजे तिकडे दुसरा संसार निघू शकतो! मी भीतभीतच सासूबाईंना हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "निघू दे. पण ते कधी गेले ते तर कळेल? आमच्याकडे अविधवा नवमीला तिचं पान वाढायचं की नाही, हेच आजवर कुणाला ठरवता आलं नाही."

मी इतिहास शिकवते, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता!

माझ्या शाळेला मे महिन्यात सुट्टी लागली, की आम्ही दोघी मुंबईला निघणार आहोत. वही तयार आहे. तुमच्या घरीही असं नाव असेल, तर आजी आहे तोवर विचारून घ्या.