उपकरण-धोरणांच्या प्रती : आशय, ओळख आणि नेमणूक

संगणकाने कसे वागावे याविषयीचे नियम एका ठिकाणी लिहून अनेक यंत्रांना लागू करणे, ही आज प्रत्येक मोठ्या कार्यालयाची गरज झाली आहे. अशा नियमसंचास उपकरण-धोरण म्हणतात. तयार धोरणाची प्रत टंकित आदेशांनी कशी काढावी आणि तीत काय हरवते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नवी मुंबईचा विमानतळ 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटित झाला. त्याच्या शेजारच्या उलवे येथे वाशीतील एखाद्या संस्थेने शाखा उघडली, आणि शाखेचे मायक्रोसॉफ्ट खाते मुख्य कार्यालयाहून स्वतंत्र ठेविले, असे समजू. मुख्य कार्यालयात इन्ट्यून या व्यवस्थेतून डिस्कचे कूटबंधन, पडद्याचे कुलूप, वायफाय इत्यादींची चाळीस धोरणे चालू आहेत. ती सर्व उलव्यास हवी आहेत. एकाच खात्यात एखाद्या धोरणाची प्रत पडद्यावरील बटणानेही निघते. परंतु चाळीस धोरणे दुसऱ्या खात्यात न्यावयाची तर पॉवरशेल आणि मायक्रोसॉफ्ट ग्राफ यांचा आश्रय घेणे सोयीचे होते.

कृती दिसावयास सोपी आहे. ‘कनेक्ट-एमजीग्राफ’ या आदेशाने मूळ खात्यात प्रवेश करावा, धोरण वाचावे आणि ते जेसन या मजकुरी स्वरूपात साठवावे. मग त्यातून ओळखक्रमांक, निर्मितीची व शेवटच्या बदलाची वेळ ही केवळ मूळ धोरणाची असलेली माहिती काढून टाकावी, नवे नाव द्यावे, आणि दुसऱ्या खात्यात प्रवेश करून तो मजकूर नवे धोरण म्हणून पाठवावा. नवा ओळखक्रमांक ग्राफ स्वतःच देते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेविल्या पाहिजेत. यादी मोठी असल्यास ग्राफ ती पानापानाने देते. पुढील पानाचा दुवा न पाळल्यास काही धोरणे मागेच राहतात. तसेच सेटिंग्ज कॅटलॉगमधील धोरणाची यादी मागितली असता नाव व वर्णन येते, प्रत्यक्ष सेटिंग्ज मात्र वेगळ्या मागाव्या लागतात.

खरा धोका मजकूर साठविताना आहे. ‘कन्व्हर्टटू-जेसन’ हा आदेश सांगितले नाही तर दोनच थर खोल जातो. सेटिंग्जची रचना त्याहून पुष्कळ खोल असते. त्याखालच्या मूल्यांच्या जागी निरर्थक शब्द उमटतात, आणि पॉवरशेलच्या 5.1 या आवृत्तीत त्याची सूचनाही मिळत नाही. असा मजकूर लगेच पाठविला तर ग्राफ तो बहुधा नाकारील व चूक कळेल. परंतु अडचणीच्या दिवसासाठी जपून ठेविलेली प्रत निकामी आहे, हे मात्र त्या दिवशीच कळेल. म्हणून खोलीचा आकडा प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावा.

दुसरा प्रश्न परसंदर्भांचा. वायफायचे धोरण पुष्कळदा प्रमाणपत्राच्या दुसऱ्या धोरणाकडे ओळखक्रमांकाने बोट दाखविते. उलव्याच्या खात्यात तो क्रमांक अस्तित्वातच नसतो. म्हणून प्रमाणपत्राचे धोरण आधी निर्मून त्याचा नवा क्रमांक वायफायच्या मजकुरात घालावा लागतो. गुप्त ठेविलेली मूल्येही साध्या वाचनात उघड होत नाहीत. ती पुन्हा भरावी लागतात.

तिसरा प्रश्न नेमणुकीचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होय. धोरण कोणत्या गटास लागू आहे ही माहिती धोरणाच्या मजकुरात नसते. ती स्वतंत्र आदेशाने जोडावी लागते. तोपर्यंत चाळीसही धोरणे यादीत सुरेख दिसतात, आणि एकाही यंत्रावर एकही नियम चालत नाही. उलट, एकाच खात्यात काढलेली प्रत किंचित बदलून मूळ धोरणासह त्याच गटास लावली, तर दोन भिन्न मूल्यांचा संघर्ष होतो आणि तो व्यवस्थापकासच सोडवावा लागतो.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. कूटबंधन झालेच आहे या समजुतीत असलेला लॅपटॉप लोकलमध्ये विसरला, तर त्यातील माणसांची माहिती उघडी पडते. माहितीच्या रक्षणाचे वाजवी उपाय न योजणाऱ्यास 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तेव्हा प्रत निघाली म्हणजे काम संपले असे मानू नये. नवे धोरण परत वाचावे, दोन्हींतील ओळखीचा भाग वगळून मजकूर ताडून पाहावा, प्रथम दोन-चार यंत्रांच्या चाचणीगटास ते लावावे आणि यंत्रांकडून आलेला अहवाल पाहावा. विंडोज यंत्रे सर्वसाधारणपणे दर 8 तासांनी नियम विचारावयास येतात; तेवढा धीर धरावा.

सारांश, धोरणाचे तीन भाग असतात : आशय, ओळख आणि नेमणूक. आशयाची प्रत काढता येते, ओळख नव्याने मिळते. नेमणूक मात्र कोणाच्या रक्षणासाठी हा नियम आहे हे ठरवून माणसानेच करावयाची असते.