मुलुंडचं बाळ, न्यूजर्सीचं बाळ: तुलना नेमकी कशाची?

सिनॉप्सिसमध्ये 'दोन देशांतल्या बालसंगोपनाची तुलना' असा विषय लिहायचा विचार असेल, तर एका प्रश्नाची तयारी आधीच करा: तुलना नक्की कशाची?

अशी तुलना आपल्या घरांत रोज चालते. मुलुंडची आजी व्हिडिओ कॉलवर न्यूजर्सीच्या नातीला चालताना बघते आणि इथला दहा महिन्यांचा नातू अजून रांगत नाही म्हणून सुनेच्या मागे लागते. सून रात्री गुगल करत बसते. म्हणजे आपण चुकीचं मोजलं, तर त्याचा ताप कुणाला तरी खरोखर होतो.

आता एक नीट केलेली तुलना बघू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यातल्या भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांत बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं असे टप्पेही नोंदवले. मुलं होती ८१६. सहाही टप्प्यांवर नॉर्वेची मुलं सरासरीने सगळ्यांत उशिरा पोचली, भारतातल्या मुलांच्याही नंतर.

मग ओस्लोची मुलं मागे आणि दिल्लीची हुशार, असं म्हणायचं का? नाही! इथेच थांबून तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, नमुना. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. वाढीला आर्थिक अडचण नसलेली घरं आणि धूम्रपान न करणाऱ्या आया मुद्दाम निवडल्या होत्या. हा 'सगळा भारत' नाही. घाटकोपरची चाळसुद्धा यात नाही.

दुसरी, फरकाचा अर्थ. बाळाला किती उचलून घेतात, किती जमिनीवर सोडतात, उभं राहायला किती शिकवतात, हे घराघरांत वेगळं असतं. सरासरी त्यानेही हलू शकते. म्हणूनच संशोधकांनी देशांची क्रमवारी न लावता सगळी माहिती एकत्र करून एकच पट्टा दिला. आधाराशिवाय चालण्याचा पट्टा आहे ८.२ ते १७.६ महिने. केवढा रुंद! शिवाय ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीने तर २०२२ मध्ये रांगणं आपल्या यादीतून काढून टाकलं.

तिसरी, मोजपट्टी. 'मूल चमच्याने खातं का?' हा प्रश्न वरणभात हाताने भरवणाऱ्या घरात विचारला, तर आपण मुलाचं कौशल्य मोजतो की घराची पद्धत? 'एकटं झोपतं का?' हा प्रश्न वन रूम किचनमध्ये विचारला, तर उत्तरातून जागा किती आहे तेवढंच कळतं. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांची अमेरिकन चाचणी नुसती भाषांतरित केली नाही, तर भारतीय मुलांवर तपासून इथले निकष तयार केले. त्यातून आलेल्या 'डासी' चाचणीत हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत.

तेव्हा प्रश्नावली छापायला टाकण्याआधी प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: यातून मूल मोजलं जातंय, घर मोजलं जातंय, की पट्टीच दुसऱ्या गावची आहे? उत्तर देता येत नसेल, तर तो प्रश्न सरळ काढून टाका. आणि मुलुंडच्या त्या आजींना एवढंच सांगा: दहाव्या महिन्यात रांगत नाही, एवढ्यावरून बाळ मागे आहे असं ठरत नाही. शंका वाटलीच तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, न्यूजर्सीच्या व्हिडिओशी ताडून बघू नका.