व्हॅनमध्ये पलंग-शेगडी बसवली, मग एम.ओ.टी.ला ती व्हॅन की मोटरहोम?

रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी कुटुंबं आता इंग्लंडात स्थायिक आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन वेल्स किंवा स्कॉटलंडला जायचं म्हटलं की हॉटेलचा खर्च आणि हलाल जेवणाची शोधाशोध, दोन्ही अंगावर येतं. म्हणून जुनी ट्रान्झिट किंवा स्प्रिंटर घेऊन आत पलंग, शेगडी, कपाटं बसवायची असा बेत बरेच जण करतात. गाडी झकास तयार होते. मग एम.ओ.टी.ची तारीख येते आणि गॅरेजवाला सांगतो, "ही क्लास ७ आहे, आमच्याकडे होत नाही."

एम.ओ.टी. म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही याची दरवर्षीची तपासणी. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये गाडीला तीन वर्षं झाली की ती सुरू होते. चुकवली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मालवाहू व्हॅनचं भरलेल्या अवस्थेतलं कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर ती मोटारगाडीसारखी क्लास ४ मध्ये बसते. ३,००० च्या वर आणि ३,५०० पर्यंत असेल तर क्लास ७. मोटरहोम मात्र कितीही वजनाची असो, ती क्लास ४ च.

तेव्हा सगळ्यात आधी गाडीवरची वजनाची पट्टी वाचा. तिच्यावर चार आकडे असतात. पहिला आकडा गाडीच्या एकूण वजनाचा. दुसरा ट्रेलरसकटचा असतो, तो मोठा बघून घाबरू नका. पहिला आकडा ३,००० किंवा कमी असेल तर एम.ओ.टी.पुरता तुमचा प्रश्नच मिटला.

पैशाचं म्हणाल तर क्लास ४ ची कमाल फी ५४.८५ पौंड, क्लास ७ ची ५८.६०. फरक पावणेचार पौंडांचा. एवढ्यासाठी कुणी धावपळ करू नये. खरी अडचण अशी की क्लास ७ करणारी गॅरेजं कमी, आणि घराजवळ मिळेलच असं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळांना वाटतं की लॉगबुकवर, म्हणजे व्ही-५सी वर, 'मोटर कॅरॅव्हॅन' छापून आल्याशिवाय क्लास ४ मिळणार नाही. तसं नाही. तपासणारा माणूस गाडी प्रत्यक्षात काय आहे ते बघतो. माणसांना राहता येईल अशा सोयी आत कायमच्या बसवलेल्या असतील तर ती मोटरहोम. नुसती गादी टाकली आणि सिलिंडरची सुटी शेगडी ठेवली, तर ती व्हॅनच.

आपल्या लोकांची फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. सोमवार ते शुक्रवार प्लंबिंगची हत्यारं न्यायची आणि शनिवारी घरच्यांना फिरवायचं, अशी गाडी असेल तर तिला 'लिव्हिंग व्हॅन' धरतात. राहायची सोय आहे, पण राहण्याशी संबंध नसलेलं सामानही वाहून नेते, असा तिचा अर्थ. तिला वजनाचे नियम व्हॅनचेच लागू होतात. तेव्हा ३,५०० किलोची असेल तर परत क्लास ७.

लॉगबुक बदलणं हे वेगळं काम आहे. ते डीव्हीएलए करते, आणि त्याला फी नाही. आत टेबल आणि बसायची जागा, झोपायची सोय, पक्की बसवलेली शेगडी किंवा मायक्रोवेव्ह, सामानाची कपाटं, एवढं तर लागतंच. पण २०१९ पासून ते गाडीच्या बाहेरच्या रूपावर जास्त भर देतात. रस्त्यावरून जाताना ती मोटरहोम वाटली पाहिजे. एका बाजूला निदान दोन खिडक्या, आत शिरायला वेगळं दार, दोन्ही बाजूंना कॅरॅव्हॅनसारखी नक्षी, छत्रीसाठी ऑनिंगचा दांडा, आणि उंच पक्कं छप्पर. वर उघडणारं छप्पर चालत नाही. फोटो पाठवूनही पुष्कळांना नकार येतो आणि लॉगबुकवर 'बाजूला खिडक्या असलेली व्हॅन' एवढंच येतं. माझं मत विचाराल तर फक्त लॉगबुकवरच्या एका शब्दासाठी छप्पर कापायला जाऊ नका. त्या शब्दाने टॅक्सचा वर्ग बदलत नाही आणि विमाही आपोआप बदलत नाही. विमा कंपनीला मात्र काम सुरू करण्याआधी कळवा. न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर क्लेम अडकतो.

फायदा आहे तो वेगमर्यादेत. दुभाजक नसलेल्या मोठ्या रस्त्यावर व्हॅनला ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्यावर ६०. रिकाम्या अवस्थेत ३.०५ टनांपर्यंतच्या मोटरहोमला हेच ६० आणि ७०. मोटरवेवर दोघांनाही ७०. हे ठाऊक नसल्याने व्हॅनवाल्यांना नोटिसा येतात.

गावी असं करायचा विचार असेल तर क्रम उलटा आहे. तिकडे आधी गाडी बनवून मग कळवतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आर.टी.ओ.च्या मंजुरीशिवाय नोंदणीतला तपशील बदलेल असं काही करता येत नाही.

आणि वजनाकडे लक्ष ठेवा. १ जानेवारी १९९७ नंतर मिळालेल्या साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतच गाडी चालवता येते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर प्लायवुड, बॅटऱ्या, गॅस आणि सहा माणसं. निघण्याआधी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन आणा.