अंगणातला तलाव : आधी यंत्रघर, मग फरशी

घराच्या अंगणात पोहण्याचा तलाव असणे ही एके काळी संस्थानिकांची आणि बड्या कारखानदारांची चैन होती. आज गोव्यात बार्देशच्या नव्या बंगल्यांतून, तसेच इंदूर, बडोदे, हैदराबाद या शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहतींतून असे तलाव दिसू लागले आहेत. त्याच्या जोडीला गरम पाण्याचे एक लहानसे कुंडही असते. त्याला ‘स्पा’ म्हणतात, आणि हे नाव बेल्जममधील औषधी झऱ्यांच्या एका गावावरून आले आहे. घरमालक वास्तुशिल्पकारासमोर बसला, की बोलणे बहुधा सुरू होते ते फरशीच्या रंगापासून. वास्तविक फरशी दहा वर्षांनी उखडून नवी बसविता येते. काँक्रीटखाली गाडलेला नळ मात्र तलाव फोडल्यावाचून बदलता येत नाही. तेव्हा जे दिसणार नाही त्याचा विचार आधी करावयास हवा.

मोहेंजोदडोच्या स्थापत्यकारांनी हेच केले होते. तेथील महास्नानगृहाचा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. त्याच्या विटांमागे पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे, शेजारच्या दालनात विहीर आहे, आणि वापरलेले पाणी बाहेर नेणारी कमानदार मोरी आहे. पाणी येणार कोठून, टिकणार कसे आणि जाणार कोठे, हे तीन प्रश्न साडेचार हजार वर्षांत बदललेले नाहीत. भर पडली आहे ती चौथ्याची : तेच पाणी पुन्हा पुन्हा स्वच्छ कसे करावयाचे?

उदाहरणादाखल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव घेऊ. त्यात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. हे सर्व पाणी सहा तासांत एकदा गाळणीतून फिरावे असे ठरविले, तर पंपाने ताशी साडेसात हजार लिटर पाणी ओढले पाहिजे. पंप, गाळणी आणि नळ यांची मापे या एका आकड्यावरून निघतात. वाळूच्या गाळणीतून पाणी जितके सावकाश उतरेल तितकी गाळ धरण्याची तिची शक्ती अधिक. म्हणून या तलावाला सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची टाकी घ्यावी. नळ अरुंद घेतला, तर पाणी वेगाने धावते, आणि घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. दीड इंची नळाने चार पैसे वाचवून पुढे वीस वर्षे विजेचे बिल भरीत राहणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. ओढणारा नळ अडीच इंची असावा, वळणे थोडी असावीत आणि पंप तलावाच्या पातळीच्या खाली किंवा अगदी जवळ असावा.

पंपाविषयी एक समजूत अशी, की तो जितका मोठा तितका चांगला. प्रत्यक्षात मोठा पंप लहान गाळणीवर लादला, तर तो वाळूत खाचा पाडून गाळ परत तलावात ढकलतो. आता गती कमीजास्त करता येणारे पंप मिळतात. त्यांची गती निम्मी केली, की पाणी निम्मे येते. पण वीज जवळजवळ एक-अष्टमांशच लागते. दुप्पट वेळ चालविला तरी खर्च चतुर्थांशावर येतो. अशा पंपाची चढी किंमत म्हणूनच लवकर वसूल होते.

पृष्ठभागावरची पाने ओढून घेणारे तोंड वारा ज्या बाजूकडे वाहतो त्या बाजूस ठेवावे. गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा समुद्राकडून येतो, तेव्हा ते पूर्वेकडील काठावर शोभते. मग आंबा-फणसाची पाने वाराच तेथवर आणून देतो. तलावाशेजारी नारळ असल्यास आधी झावळ्या आणि फळे कोठे पडतात ते पाहून घ्यावे, हेही सांगितलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तलावाच्या तळाशी पाणी ओढून घेणारे एकच तोंड असेल आणि ते पोहणाऱ्याच्या शरीराने झाकले गेले, तर पंप तेथे निर्वात निर्माण करू लागतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर अर्ध्या वातावरणाइतका दाब पडला, तरी ते बळ दीडशे किलोग्रॅमच्या वर जाते. ते लहान मुलालाच काय, धडधाकट प्रौढालाही सोडविता येत नाही. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशाच एका स्पाच्या तळाशी अडकून मरण पावली. तिच्या आईने पुढे चालविलेल्या प्रयत्नांतून २००७ साली तिच्याच नावाचा कायदा संमत झाला. त्यातून रूढ झालेला उपाय महाग नाही. तळाशी एकमेकांपासून किमान ९० सेंटिमीटर अंतरावर दोन तोंडे ठेवावयाची आणि ती मधोमध जोडावयाची, म्हणजे एक झाकले गेले तरी दुसरे पाणी देत राहते. त्यांवरची झाकणे घुमटाकार आणि स्क्रूने पक्की बसविलेली असावीत. सैल झाकण म्हणजे झाकण नव्हेच. तळाचे तोंड अजिबात न ठेवता काठावरूनच पाणी घेणारी रचनाही करता येते. आपल्याकडे कंत्राटदार सवयीने एकच तोंड बसवून मोकळा होतो. म्हणून नकाशावर सही करण्यापूर्वी ही दोन तोंडे बोटाने दाखवून घ्यावीत. त्याचबरोबर आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचे, किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण तलावाभोवती असावे. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचेच घ्यावेत, आणि सर्व विद्युत् जोडणी गळतीचा प्रवाह ओळखून तत्काळ बंद होणाऱ्या स्विचमधून न्यावी.

स्पाची कथा निराळी आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जकूझी या इटालियन कुटुंबाचा पंपांचा धंदा होता. त्यांतील कँडिडो जकूझी यांच्या मुलाला संधिवात होता; त्याच्यासाठी त्यांनी आंघोळीच्या टबात सोडावयाचा एक लहान पंप तयार केला. पुढे १९६८ साली त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी फवारे आतच बसविलेला टब बाजारात आणला. आज ते आडनाव सामान्यनाम होऊन बसले आहे.

या कुंडात पाणी थोडे आणि माणसे फार. १,५०० लिटरच्या कुंडात चौघे बसले, तर ते प्रमाण आपल्या ४५,००० लिटरच्या तलावात १२० माणसे उतरल्यासारखे होते. त्यात पाणी उष्ण, आणि उष्ण पाण्यात क्लोरिन लवकर संपते. त्यामुळे येथील पाणी अर्ध्या तासात एकदा तरी गाळले गेले पाहिजे, आणि त्यात क्लोरिन लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम राहिले पाहिजे. तलावाला १ ते ३ मिलिग्रॅम पुरते. हलगर्जीपणाचे फळ काय, ते नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल येथे १९९९ साली दिसले. फुलांच्या प्रदर्शनात नुसते मांडून ठेवलेले असे कुंड, त्यात कोणी उतरलेही नव्हते. पण त्याच्या तुषारांतून लीजनेला नावाचे जंतू पसरून दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि तीसहून अधिक दगावले. म्हणून स्पाची गाळणी आणि पंप तलावापासून वेगळे ठेवणे श्रेयस्कर. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये. गर्भवती स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी वैद्याला विचारल्यावाचून त्यात उतरू नये. खर्चाचा अंदाज हवा असल्यास : १,५०० लिटर पाणी २७ अंशांवरून ३८ अंशांवर नेण्यास सुमारे १९ युनिट वीज लागते, आणि झाकण नसेल तर ती उष्णता रातोरात उडून जाते.

क्लोरिनचा प्रभाव पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो. तिचा अंक ७.२ असताना क्लोरिनचा सुमारे दोनतृतीयांश भाग जंतुनाशक स्वरूपात असतो. ८ वर गेला, की जेमतेम चौथा हिस्सा उरतो. मग डोळे चुरचुरतात, पाणी हिरवट होते आणि मालक आणखी पूड ओततो. आम्ल आणि क्लोरिनची पूड एका फळीवर कधीही ठेवू नयेत. त्यांच्या मिश्रणातून विषारी वायू सुटतो. यंत्रघराला खिडकी हवी ती याचसाठी.

जमिनीचा विचार कोकणपट्टीत विशेष करावा लागतो. पावसाळ्यात भूजल तलावाच्या तळापेक्षा एक मीटर वर चढले, तर आपल्या उदाहरणातील तलावाला खालून किमान ३२ टनांचा उचल दाब मिळतो. काँक्रीटचे वजनही साधारण तेवढेच असते. पाणी भरलेले असेपर्यंत काही होत नाही. पण साफसफाईसाठी जुलैत तलाव रिकामा केला, तर तो होडीसारखा उचलला जाऊन नळ तुटू शकतात. तळाशी दाब सोडणारी झडप आणि खाली खडीचा निचरा आधीच करून ठेवावा, आणि रिकामा करण्याचे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे.

पठारावरच्या शहरांत चिंता उलट असते. कडक उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडाले, तर या तलावातून ३२० लिटर जातात. शहरी पाणीपुरवठ्याच्या दरडोई १३५ लिटरच्या प्रमाणाने पाहता ते दोन माणसांच्या वाट्याहून अधिक आहे. बंगळूरमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करावी लागली होती. रात्री अंथरावयाचे आच्छादन यांपैकी बरेचसे पाणी वाचविते. मात्र ते गुंडाळून ठेवण्याची जागा नकाशातच धरावी, नाही तर ते एका कोपऱ्यात पडून कुजते.

नळ टाकून झाले, की काँक्रीट ओतण्यापूर्वी त्यांची सर्व तोंडे बंद करून त्यांत पाणी दाबाने भरावे, दाबमापक लावून चोवीस तास तसेच ठेवावे आणि काटा खाली आला नाही याची स्वतः खात्री करावी. प्रत्येक नळाचे छायाचित्र भिंतीपासूनच्या अंतरासह घेऊन यंत्रघराच्या दारामागे लावून ठेवावे. फरशीचा नमुना पाहावयाचा तो त्यानंतर.