संगणकावरील विषाणूची सूचना : घाई न करता पारख कशी करावी

द्राक्षाच्या किंवा सीताफळाच्या बागेत पिठ्या ढेकणाचा उपद्रव झाला म्हणजे फळांवर व फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. त्यांच्याच जवळपास कधी कधी तशाच पांढऱ्या, झालरीच्या अळ्या फिरताना आढळतात. या अळ्या ढेकणाच्या नव्हेत. ढेकूण खाऊन फस्त करणाऱ्या क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या त्या अळ्या होत. अंगावरील पांढऱ्या मेणामुळे दोन्ही सारखीच दिसतात आणि घाईने फवारणी करणारा बागायतदार शत्रूबरोबर मित्रासही मारून मोकळा होतो. संगणकावर विषाणूची सूचना आली असता नेमका हाच घोटाळा होण्याचा संभव असतो.

ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र, विकास सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या संगणकांत आज शेतकऱ्यांचे सातबारा उतारे, आधार क्रमांक आणि बँक पासबुकांच्या प्रती साठविलेल्या असतात. एका चुकीच्या कळीने हा सारा ऐवज चोराच्या हाती जाऊ शकतो; तशाच दुसऱ्या चुकीने उपयुक्त फाइल कायमची पुसली जाऊन ऐन मुदतीत काम अडते. यास्तव ही सूचना कशी निर्माण होते हे केंद्रचालकाने व ग्रामसेवकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाचा विषाणू हा सजीव नसून नुकसान करण्याच्या हेतूने लिहिलेली आज्ञावली असते. तिचा शोध घेणाऱ्या रक्षक आज्ञावलीस अँटिव्हायरस म्हणतात. विंडोज १० व ११ यांत मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा रक्षक मूळचाच असतो. पुण्यात तयार झालेला क्विक हीलही पुष्कळांच्या परिचयाचा आहे. रक्षकाच्या कामाच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिलीत ज्ञात विषाणूंच्या ओळखखुणांची यादी जवळ ठेवून प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. परंतु नवे विषाणू नित्य निघत असल्याने केवळ यादीवर भागत नाही. म्हणून दुसऱ्या रीतीत फाइलीची रचना व वर्तन पाहून संशय घेतला जातो. सूचनेतील नावात ‘जेनेरिक’, ‘ह्युरिस्टिक’ किंवा ‘सस्पिशस’ असे शब्द असले म्हणजे निदान बहुधा या दुसऱ्या रीतीचे, अर्थात अनुमानाचे, आहे असे समजावे. तथापि अनुमान म्हणजे चूकच, असे मात्र मुळीच नव्हे.

निरुपद्रवी फाइलीवर संशय येण्यास कारणेही तशीच असतात. मराठी टंकलेखनाच्या काही आज्ञावल्या प्रत्येक कळीवर लक्ष ठेवतात, कारण त्याखेरीज अक्षर बदलता येत नाही. आणि परवलीचा शब्द चोरणारा विषाणूही नेमके हेच करतो! दूर बसून संगणक दुरुस्त करण्याची साधने कारागीर वापरतात, तशीच भामटेही वापरतात. एखाद्या स्थानिक कारागिराने सोसायटीच्या हिशेबासाठी तयार केलेल्या आज्ञावलीवर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी नसते व ती फार थोड्या ठिकाणी वापरात असते, म्हणून रक्षकास ती अनोळखी वाटते.

मोठ्या कंपन्यांकडूनही अशा चुका झालेल्या आहेत. दिनांक २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीने पाठविलेल्या नव्या यादीने विंडोज एक्सपीमधील अत्यंत आवश्यक अशा एका फाइलीसच विषाणू ठरविले. परिणामी असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले. ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानमालिकेस आपली काही दुकाने बंद ठेवावी लागली. रोग नव्हता; औषधानेच रोगी आडवा झाला.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. खरिपाच्या पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलैअखेर संपते. शेवटच्या दिवसांत केंद्राबाहेर रांग लागलेली असते, आणि त्याच वेळी पडद्यावर लाल सूचना येते. रांगेतील शेतकरी अस्वस्थ होतात आणि चालक रक्षकच बंद करून काम पुढे रेटतो. हा उपाय सर्वांत घातक होय. सूचना खरी असल्यास त्यानंतर भरलेल्या प्रत्येक अर्जातील माहिती धोक्यात येते. उलटपक्षी भीतीने ‘डिलीट’ दाबणेही योग्य नाही. मधला मार्ग ‘क्वारंटाइन’चा आहे. आजारी जनावर गोठ्यातून काढून वेगळे बांधावे, त्याप्रमाणे यात फाइल बंद कप्प्यात ठेवली जाते. तेथे ती चालत नाही आणि निर्दोष ठरल्यास परतही आणता येते. दरम्यान शक्य तर दुसऱ्या संगणकावर अर्ज भरण्याचे काम चालू ठेवावे.

त्यानंतर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की फाइल आली कोठून? निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेली, वर्षभर बिनतक्रार चाललेली आज्ञावली यादी अद्ययावत होताच एकाएकी दोषी ठरली, तर चूक रक्षकाची असण्याचा बराच संभव असतो. मात्र त्याच फाइलीत विषाणूने मागाहून शिरकाव केलेला नाही याची खात्री करावी लागते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून, अनोळखी टपालातून किंवा कोणाच्या पेन ड्राइव्हमधून आली असल्यास सूचना खरीच मानावी. विकतची आज्ञावली फुकट चालविण्यासाठी मिळणाऱ्या ‘क्रॅक’ फाइलींबाबत तर विक्रेते ‘ही सूचना खोटी असते, दुर्लक्ष करा’ असे आधीच सांगून ठेवतात. त्यावर विश्वास ठेवणे म्हणजे बनावट बियाणे विकणाऱ्याकडूनच उगवणीचा दाखला घेणे होय.

याउपर शंका राहिल्यास रक्षकाची यादी अद्ययावत करून फाइल पुन्हा तपासावी. खोटी सूचना पुष्कळदा एकदोन दिवसांत दुरुस्त होते. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकच फाइल अनेक कंपन्यांच्या रक्षकांकडून एकाच वेळी तपासून मिळते. एकदोघांनीच दोष दाखविला तर सूचना खोटी असण्याचा संभव अधिक असतो; बहुतेकांनी दाखविला तर वाद उरत नाही. अगदी नवा विषाणू मात्र प्रारंभी कोणासच ओळखू येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. येथे एक दक्षता अवश्य घ्यावी : या स्थळावर चढविलेली फाइल इतर तज्ज्ञांनाही पाहावयास मिळते. म्हणून आज्ञावली तपासावी, परंतु शेतकऱ्यांची नावे, आधार किंवा खाते क्रमांक असलेली यादी तेथे कदापि पाठवू नये. फाइल निर्दोष ठरल्यावर केवळ त्या एका फाइलीस सूट द्यावी. संपूर्ण ड्राइव्हला सूट देण्याची सवय काही दुरुस्ती कारागिरांना असते. ती त्यांना करू देऊ नये.

काही सूचना तर मुळात रक्षकाच्या नसतातच. संकेतस्थळ पाहत असता अचानक भोंगा वाजून ‘तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. फोन न करता ती खिडकी बंद करावी. भ्रमणध्वनीवर पीएम किसानच्या नावाने येणाऱ्या एपीके फायलीही याच जातीच्या असून त्यांपैकी काही बँकेचे ओटीपी वाचण्याची परवानगी मागतात. अशा फाइलीबद्दल फोनने इशारा दिला तर शंका न घेता ती काढून टाकावी. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

प्रशिक्षणवर्गात याचे प्रात्यक्षिक करून दाखविणे कठीण नाही. त्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची चाचणी फाइल उपलब्ध आहे. ती पूर्णपणे निरुपद्रवी असून रक्षक जागा आहे की नाही हे पाहण्यासाठीच तिला विषाणू म्हणून पकडावयाचे असा संकेत आहे. ती उतरवून घेताच सूचना झळकते. मग प्रत्येक केंद्रचालकाने स्वतःच्या हाताने फाइल कप्प्यात कशी जाते, नोंद कोठे दिसते आणि ती परत कशी आणावी हे एकदा करून पाहावे. असा वर्ग जूनमध्येच, पीकविम्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी, उरकून घ्यावा.